‘येतो’ म्हणणारा हात

फोन आला तेव्हा मी शेडमध्ये सलीमभाईंशी भांडत होते. भांडण काही फार मोठं नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, पाण्याचा माठ त्यांनी नेमका वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे नेऊन ठेवला होता आणि मी सवयीने तोंड सोडलं होतं. मोबाईलवर ‘गजू’ असं नाव दिसलं म्हणून हॅलोसुद्धा न म्हणता मी सुरू केलं, “कुठं पोचला बे? जेवायले येतं का नाही, तेवढं सांग.” पलीकडे भलताच आवाज होता. “बाई, मी एस्टीचा कंडक्टर बोलून राह्यलो. या फोनमधी सगळ्यात वर ‘ताई’ लिहेल हाय, म्हणून लावला. तुमी यांच्या कोन?” मी म्हटलं, “बहीण.” तो माणूस थांबला… एवढा थांबला की त्याच्या मागची गर्दी, शेंगदाणेवाल्याची हाक, कुणाचं तरी रडतं लेकरू, सगळं मला ऐकू आलं. मग म्हणाला, “मेहकरच्या स्टँडवर गाडी लागली तं हे उठलेच नाहीत. मले वाटलं झोप लागली. आमी दवाखान्यात आणलं बाई… पण तुमी घरचं मानूस संग घेऊन या.” घरचं माणूस संग घेऊन या, असं कोणी म्हटलं की त्याचा अर्थ आमच्याकडे समजावून सांगावा लागत नाही.

गजू म्हणजे गजानन, माझा धाकटा भाऊ. शेगाव जवळ असल्याचा प्रताप असा की बुलडाणा जिल्ह्यात कुठेही ‘ए गजानन’ अशी हाक मारली तर चार जण मागे वळतात. पण ‘रोबोवाला गजू’ म्हटलं की तो एकच. उंद्रीला रोडच्या कडेला आमचं वर्कशॉप आहे, बाबांनी काढलेलं. ट्रॅक्टरची अवजारं करतो आम्ही: जमीन भुसभुशीत करणारी फाळांची पंजी, वखर, पेरणी यंत्र. माझं सासर चिखलीला, पण बाबा गेल्यापासून रोज सकाळी स्कुटीवर उंद्रीला येते आणि गिऱ्हाईक, माल, माणसं मी सांभाळते. सलीमभाई बाबांच्या वेळेपासूनचे वेल्डर. आणि मशिनी गजूच्या. त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे तो यंत्रहात, छताला टेकेल एवढा, पिवळा रंग उडालेला, वेल्डिंग करणारा रोबो. माझ्या कानाला फोन होता तेव्हा तो हात माझ्या मागे एका पंजीच्या दोन फाळांमध्ये तोंड घालून जोड मारत होता. सलीमभाईंनी माझा चेहरा पाहिला आणि आधी जाऊन लाल बटन दाबलं. हात होता तिथेच, होता तसाच, वाकून थिजला. त्याला तिथून सुखरूप बाहेर काढून परत जागेवर कसं न्यायचं, हे आमच्यात एकट्या गजूला माहीत होतं.

त्या सकाळी तो लोणारला निघाला होता. तिथल्या एका वर्कशॉपवाल्या पोराने आमच्यासारखाच जुना यंत्रहात घेतला होता, त्याला सगळं बसवून द्यायचं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप, डोक्याला दुपट्टा. दारातून म्हणाला, “येतो ताई.” मी म्हटलं, “ये बे. लवकर ये. जेवायची थांबते.” म्हणजे सगळं रीतसर झालं होतं. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं, ही रीत आम्ही दोघांनी अगदी पाळली होती. लोक म्हणतात, शेवटचं धड बोलणंही झालं नाही म्हणून जीव तळमळतो. आमचं तर झालं. त्यानं येतो म्हटलं, मी ये म्हटलं, तरी आला नाही. मला दुःख आहेच, पण त्याहून मोठा राग आहे, आणि तो कोणावर काढावा ते अजून कळलेलं नाही.

या ‘येतो’वरून त्यानं आयुष्यात दोनदा आईच्या शिव्या खाल्ल्या. पहिल्यांदा नांदुऱ्याच्या स्टेशनवर. इंजिनिअरिंग संपून त्याला पुण्याला रोबोच्या कंपनीत नोकरी लागली होती. आम्ही सगळे त्याला गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. डबा, लोणच्याची बरणी, गादीची वळकटी, आईने दोन दिवस खपून केलेल्या पुऱ्या. गाडी हलली आणि हा खिडकीतून हात हलवत म्हणाला, “जातो आई!” झालं! आई त्या वयातही प्लॅटफॉर्मवर गाडीबरोबर चालायला लागली. “जातो नको म्हनू! येतो म्हन! गजू, येतो म्हन रे!” डब्यातली माणसं हसायला लागली. हा लाजेनं लाल. शेवटी एका अनोळखी म्हाताऱ्याने आतून दम दिला, “अरे म्हन की येतो, माय पडन तुही!” तेव्हा कुठे यानं “येतो, येतो” असं ओरडून सांगितलं आणि आई खांबाला धरून उभी राहिली.

पुण्यात तो बरीच वर्षं होता. मोटारीच्या कारखान्यांत रोबो बसवून द्यायचं काम. काम चोख, पण तोंड उघडलं की तिथली माणसं हसायची. एकदा मीटिंगमध्ये साहेबाने विचारलं, काय झालं, रोबो का थांबला, तर हा बोलून गेला, “मी पाहून राह्यलो ना सर.” तेव्हापासून तिथे त्याचं नावच ‘पाहून राह्यलो’ पडलं. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं होतं, पण मी त्याची बहीण आहे, मला हसणं आणि हसणं यातला फरक कळतो. मग म्हणाला, “एक गोष्ट बरी हाय ताई. प्रोग्राम लिहिताना कोनी हसत नाही. तिथी मी जे म्हनीन ते मशीन मुकाट्यानं आयकते.” त्याच काळात कधीतरी त्यानं आपल्या प्रोग्रामांत वऱ्हाडी शब्द पेरायला सुरुवात केली असावी. कुठे हात आडवा आला की मशीन लिहायची, ‘थांब बे’. वायर निसटली की, ‘आयकू येऊन नाही राह्यलं’.

बाबा गेले आणि तो परत आला. वर्कशॉप बंद करायचं की चालवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली, म्हणजे मी बोलले आणि त्यानं ऐकलं. एक दिवस तो छत्रपती संभाजीनगरला गेला आणि ट्रकमध्ये हा भंगारातला यंत्रहात घेऊन आला. अख्खी उंद्री पाहायला लोटली. कोणी नारळ फोडला, कोणी लिंबू-मिरची बांधली. सलीमभाईंनी लांबूनच विचारलं, “गजूभाऊ, इसकी हाजरी कौन लगाएगा?” हसले, पण चेहरा उतरला होता. गजू त्यांच्याजवळ गेला. “सलीमभाई, तुमचे डोये पाहा कसे झाले. दिवसभर उजेडाकडं पाहून पाहून रातीले आलू बांधता डोयावर. लांब जोड हा मारीन. टॅक मारनं, तपासनं, वाकलं ते सरळ करनं, हे त्याच्या बापाले जमनार नाही. तुमी त्याचे उस्ताद.” सलीमभाईंना ‘उस्ताद’ म्हटलेलं आवडलं. मला काही पटलं नव्हतं. मी म्हटलं, “दोन हातांच्या माणसांना काम पुरेना, अन् यानं तिसरा आणला.”

आणि खरंच, पुढे कितीतरी दिवस तो हात नुसता उभा. हे रोबो आपापल्या कंपनीच्या भाषेतच बोलतात. आमचा हात म्हातारा, त्याच्या कपाटाएवढ्या कंट्रोलरमधला प्रोग्राम कंपनीने कधीच सोडून दिलेला. नवीन काही शिकवायचं तर परवानगी हवी, चावी हवी, आणि चावी देणारं कोणी उरलं नव्हतं. गजूने वेगळी वाट धरली. जगभरातली माणसं मिळून रोबोंसाठी एक सॉफ्टवेअर लिहितात, कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, हवं तसं बदलावं, असं मोकळं. पण ते वाढलेलं विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये, गुळगुळीत फरशीवर. एसीत वाढलेलं लेकरू मे महिन्यात उंद्रीला आणून सोडावं तशी त्याची गत. त्या सॉफ्टवेअरला आणि आमच्या म्हाताऱ्या कंट्रोलरला एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून मध्ये एक प्रोग्राम लिहायला लागणार होता. गजू त्याला ‘दुभाषा’ म्हणायचा.

तो दुभाषा काही सरळ बोलेना. हाताला क्षणाक्षणाला सांगावं लागतं, आता इथे, आता इथे, आता इथे. एक निरोप उशिरा पोचला तरी हात दचकतो. एकदा असा दचकला की चहाची किटली थेट रोडवर, आणि एक कुत्रं उंद्री सोडून गेलं ते दिसलंच नाही. वेल्डिंग सुरू झालं की ठिणगीच्या विजेनं निरोपच हरवायचे. लाईट कमी-जास्त झाली की सगळं पहिल्यापासून. त्यात आमची पंजी म्हणजे काही मोटारीचा पार्ट नाही. हाताने टॅक मारलेली, म्हणजे ठिपक्याएवढे जोड देऊन तात्पुरती धरलेली चौकट, कधी एक सूत इकडे, कधी दोन सूत तिकडे. कारखान्यातला रोबो डोळे मिटून त्याच त्या जागी जोड मारतो, आमच्याकडे त्याने तसं केलं तर जोड हवेत. म्हणून गजूने कॅमेरा बसवला, हाताने आधी चौकट पाहायची आणि मग आपली वाट ठरवायची असं त्याला शिकवलं. काय काय केलं त्यानं! वायरींवर जाळी चढवली, दुभाषा पुन्हा पुन्हा लिहिला, जेवण विसरला, दाढी विसरला. मी रोज बोलायची, “नाचता येईना अंगण वाकडं!” तो म्हणायचा, “अंगन खरंच वाकडं हाय ताई. म्हनून तं नाच बदलून राह्यलो.”

ज्या दिवशी हाताने पहिली अख्खी पंजी जोडली, त्या दिवशी सलीमभाईंनी जोडावरून बोट फिरवलं, हातोडीने ठोकून पाहिलं आणि खिशातली सुपारी काढून गजूच्या हातावर ठेवली. आई मागच्या घरातून काठी टेकत पाहायला आली. काम संपलं, हात वर उठला, अंग आखडून आपल्या जागेवर जाऊन बसला. रोबोच्या त्या ठरलेल्या जागेला ‘घर’च म्हणतात. मग बाजूच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘जातो’. आईला वाचता येतं. ती एकदम कडाडली, “हे काय लिहेल हाय? तुले नांदुऱ्याच्या टेसनवर काय सांगतलं होतं?” गजू म्हणाला, “आई, मशीन हाय ते. बंद होऊन राह्यलं, म्हनून जातो म्हनते.” “मशीन झालं म्हनून काय झालं? या घरातून कोनी जातो म्हनत नाही. येतो लिह. अन् येतो म्हटलं तं सकाळी आल्यावर आलो म्हनावं लागते, तेबी लिह.” सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, “माँजी सही बोल रही. हमारे में भी जाता हूँ नहीं बोलते.” दोघांपुढे गजूचं काय चालणार! तेव्हापासून आमचा हात सकाळी स्विच टाकला की ‘आलो’ म्हणतो आणि संध्याकाळी घरी बसला की ‘येतो’.

हा सगळा दुभाषा गजूने जगाला फुकट देऊन टाकला. त्या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचं लिखाण आधी दुसरी माणसं तपासतात. तपासणारा हेन्रिक नावाचा कुठल्यातरी थंड देशातला माणूस, त्याने बारीक बारीक चुका काढल्या आणि शेवटी विचारलं, बंद होताना मशीन जो शब्द लिहिते तो मी भाषांतर करून पाहिला, त्याचा अर्थ ‘मी येत आहे’ असा निघतो, ही चूक राहिली आहे का? गजूने हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “त्याले माय नाही काय घरी?” गजू हसता हसता खोकायला लागला. पण मग त्यानं हेन्रिकला नीट समजावून लिहिलं. आमच्याकडे निघणारा माणूस येतो म्हणतो, घरी राहणारा ये म्हणतो, दोघांनी मिळून तो निरोप पुरा होतो. हेन्रिकने काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही, पण शब्द राहिला. त्या दूरदेशातही कुठेतरी एखादं मशीन संध्याकाळी ‘येतो’ म्हणत असेल, याचं आईला भारी अप्रूप.

मला मात्र त्या फुकटाचा राग यायचा, आणि मी तो बोलून दाखवायची. “एवढी हाडं झिजवली, अन् फुकट काऊन वाटून राह्यला बे?” तो चहा ओतत म्हणायचा, “विरजन कोनी इकते काय ताई? आपल्या घरी दही लावाले विरजन नसलं तं तू शेजारच्या वहिनीकडून वाटीत आनतं. उद्या तिच्याकडं नसलं तं ती तुह्याकडून नेते. मले मिळालं ते लोकायचंच विरजन होतं. मी फक्त दूध ओतलं.” यावर मी काहीतरी टोमणा मारलाच असेन. आमचं असंच चालायचं. आता तोंड शिवशिवतं, पण समोर कोणी नाही.

…तर तो हात वाकून उभा होता. तेरावं झालं, पाहुणे गेले, तरी तसाच. पंजीच्या फाळांत मान अडकवून खाली पाहत असलेला. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तोच दिसायचा. लाल बटन दाबलं की निरोप वगैरे काही नसतो, सगळं जिथल्या तिथे राहतं. नुसता ‘घरी जा’ असा हुकूम दिला असता तर तो सरळ रेषेत उठला असता आणि फाळांवर आदळून त्याची वेल्डिंगची गन आणि मनगट दोन्ही तुटलं असतं. पेरणी तोंडावर आलेली, गिऱ्हाईकं दारात. सलीमभाई दिवसभर हाताने जोड मारत होते, डोळे पुन्हा लाल. मी म्हटलं, ती पंजी कापून हात मोकळा करू. त्यांनी कटर हातात घेतला, हाताजवळ गेले आणि परत येऊन कटर खाली ठेवला. “ताई, ये अपने से नहीं कटेगी. गजूभाऊ का आखरी जोड है इसमें.”

मग पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला. भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ज्यांनी लिहिलं ते नाहीत. उद्या बंद पडलं तर जबाबदार कोण? हे सगळं पुसून टाका, नवीन कंट्रोलर बसवू. मी करून देतो.” त्याचं काही चुकत नव्हतं. शहाणपण त्याच्याच बाजूने होतं. आई दारात बसून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, “पुसून टाका म्हंजे? गजूनं लिहेल ते सगळं?” मी हो म्हटलं. “ते आलो-येतो बी?” मी शेडच्या मागे जाऊन मोठ्यानं रडले. भाऊ गेला तेव्हा रडले नसेन तेवढी. माणूस गेला, त्याला जाळला, आता त्याचं बोलणंही आपल्याच हाताने पुसायचं, अन् तेही पेरणीच्या घाईत! पण दारातल्या गिऱ्हाईकांना काय सांगणार? दोन दिवसांत कळवते, असं इंजिनिअरला सांगून ठेवलं होतं.

त्या दोन दिवसांच्या आतच लोणारचा अविनाश आला. हाच तो वर्कशॉपवाला, ज्याच्याकडे गजू निघाला होता. दारात चप्पल काढून उभा राहिला, आत येईना. “ताई, मीच बोलावलं होतं त्यांना… उन्हाचं. मला तोंड दाखवायला जागा नाही.” मी त्याला खसकन आत ओढला. “गप बैस. तुह्याकडं नसता निघाला तं दुसरीकडं निघाला असता, घरात बसनारा होता काय तो?” चहा घेताना त्याची नजर हाताकडे गेली. उठला, भोवती फिरला, वाकून पाहिलं. म्हणाला, “ताई, हा असा किती दिवस उभा आहे? आपण याला बाहेर काढू.” मी म्हटलं, “तुले कसं येते?” तर म्हणाला, “माझ्या हातावर त्यांचाच दुभाषा आहे ना. इंटरनेटवरून घेतला तेव्हापासून रात्रंदिवस तोच वाचतोय. अडलेलं विचारायला म्हणून तर त्यांना बोलावलं होतं. जे अडेल ते हेन्रिकला विचारू.” म्हणजे वाटीभर विरजण लोणारला पोचलं होतं, आणि ते परत आमच्या दारात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईसाठी खुर्ची टाकली. सलीमभाई लाल बटनावर हात ठेवून उभे. अविनाशच्या लॅपटॉपवर हेन्रिक, चष्मा, पांढुरकी दाढी, मागे पुस्तकांचं कपाट. मला वाटलं होतं कोणी तरणा पोरगा असेल. त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तोही जरा वाकडा. अविनाशने स्विच टाकला. कंट्रोलर घरघरला, आणि छोट्या पडद्यावर अक्षरं आली: ‘आलो’.

आम्ही कोणीच त्याचा विचार केला नव्हता. स्विच टाकला की ते येणारच होतं, रोज सकाळी यायचं, कोणी बघायचंही नाही. आईने पदर तोंडाला लावला आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की सलीमभाईंचा हात बटनावरून सरकला. अविनाश थांबला. हेन्रिक थांबला. शेवटी आईच म्हणाली, “करा बापा तुमचं काम. त्याले अडकून किती ठेवता?”

मग एकेक सांधा, बोटभर, उलट्या वाटेनं. हेन्रिक सांगायचा, अविनाश करायचा, सलीमभाई वाकून पाहायचे आणि ओरडायचे, “रुको… हां, आने दो.” एकदा गनचं टोक फाळाला खर्रकन घासलं. पडद्यावर आलं, ‘थांब बे’. अविनाश रडवेला होऊन हसला. परत मागे, थोडं तिरपं, परत वर. आणि मग मान मोकळी झाली. हात फाळांतून बाहेर आला, वर उठला, हळूहळू अंग आखडत आपल्या घरी जाऊन बसला. इतक्या दिवसांनी त्याला सरळ पाहिलं आणि माझ्याच पाठीतली कळ गेल्यासारखं वाटलं. अविनाशने प्रोग्राम बंद केला. पडद्यावर ‘येतो’ उमटलं.

रोडवरून एक ट्रॅक्टर गेला तेवढाच आवाज. आणि मग लॅपटॉपमधून, त्या लांबच्या देशातून, हेन्रिक म्हणाला, “ये.” उच्चार धड नव्हता, ‘ये’ आणि ‘ए’च्या मधला काहीतरी, पण शब्द तोच होता. गजूनं त्याला शिकवला होता तो. आईने मान वर केली. “पाह्य वं, त्याले बी समजते,” मला म्हणाली, आणि हाताकडे पाहून म्हणाली, “ये बापू.” सलीमभाईंनी डोळे पुसले. मी तोंड फिरवून उभी राहिले. माझ्याच्याने ते म्हणवेना. एकदा म्हटलं होतं ना मी, दारात उभी राहून. काय उपयोग झाला?

पुण्याच्या इंजिनिअरला मी नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, मॅडम, विचार करा. मी म्हटलं, करून राह्यली. त्या पंजीचा उरलेला अर्धा जोड सलीमभाईंनी आपल्या हाताने पुरा केला आणि ज्याची होती त्याला ती देऊन टाकली, पेरणी कुणासाठी थांबत नाही. अविनाश येऊन-जाऊन असतो. शिकवतो मला. मी या वयात रोबो शिकतेय हे गजूने पाहिलं असतं तर पोट धरून हसला असता.

परवा संध्याकाळी सलीमभाई घाईने मशिदीत गेले आणि हात बंद करायचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आलं. तो घरी जाऊन बसला. पडद्यावर ‘येतो’ आलं. मी इकडे तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. म्हटलं, “ये बे. लवकर ये.” आणि तिथेच माठाजवळ खाली बसून राहिले, बराच वेळ.

आता संध्याकाळी हात कोणी का बंद करेना, माझी हरकत नसते. सकाळचा स्विच मात्र मी कोणाला टाकू देत नाही.